संत्रं जातं कुठे?

मधुमालती
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न आहे. हसलात तरी चालेल.

माझ्याकडे एक परफ्यूम आलाय, लिंबूवर्गीय आणि मसालेदार. (नाव शेवटी सांगते. आधी सांगितलं तर सगळे त्याची परीक्षणं शोधून आणाल आणि माझा प्रश्न राहील बाजूला.) संत्र्याची साल नखाने सोलताना बारीक तुषार उडतात ना, फवारल्या फवारल्या डिट्टो तो वास. ओला, कडसर, नाकात जाणारा. मी त्याच्यावरच भाळले. पण पंधरा-वीस मिनिटांत संत्रं गायब! त्याच्या जागी दालचिनी ठाण मांडून बसते, मागोमाग लवंग. तासाभराने तर मी मसाल्याचा डबा मांडीवर घेऊन लाकडी कपाटात बसलेय असं वाटतं. चार तासांनी राळेसारखं गोडसर, उबदार काहीतरी उरतं. ते छानच आहे, पण मी ज्याच्यासाठी घेतलं ते कुठे गेलं?

खरी गंमत पुढेच. हाच परफ्यूम बहिणीने लावला तर तिच्या मनगटावर संध्याकाळपर्यंत संत्रं. मी स्वतः हुंगून पाहिलंय. एकाच कुपीतलं! मग दोष माझ्या कातडीचा म्हणायचा का?

खवचट_काका
संत्रं बहिणीकडे गेलं. पुढचा प्रश्न.

वाचनमात्र
नाव?

सुगरण_नव्हे
अगदी अगदी! माझ्याकडे तर दहा मिनिटंही टिकत नाही. माझी त्वचा इतकी कोरडी आहे की हिवाळ्यात नखाने त्यावर अक्षरं काढता येतात. मी तर लिंबूवर्गीय घेणंच सोडलं. मनगटं एकमेकांवर घासून बघ, मी तसं करते, वास पटकन 'उघडतो'.

नाकतोडा
घासू नका हो! घासलं की वरचे नाजूक रेणू चिरडले जातात. हे तर कुठल्याही परफ्यूमवाल्याला विचारा.

बाष्पशील
@नाकतोडा, रेणू म्हणजे जास्वंदीच्या पाकळ्या नव्हेत. मनगटाच्या जोराने रेणू तुटायला लागले तर टाळी वाजवताना रसायनशास्त्रज्ञांनी हातमोजे घालायला हवेत. घासल्याने दोनच गोष्टी होतात: थर पसरतो आणि घर्षणाने जागा थोडी तापते. दोन्हींमुळे जे लवकर उडणारं आहे ते आणखी लवकर उडतं. म्हणजे सल्ला तुमचा बरोबर, कारण चूक. सुगरणताईंचं 'उघडतो' म्हणजे खरं तर 'उधळतो'.

आता मूळ प्रश्न. मालतीताई, कातडीला लगेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, बस्स. ऑक्सिजन नाही, त्यामुळे शेजारच्याचा हात धरून थांबायची सोयच नाही. उत्कलनबिंदू १७६ अंश सेल्सिअस. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलात लिनालूल हे सुगंधी द्रव्यही असतं, ते १९८ला उकळतं. दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड २५०च्या आसपास, लवंगेतलं युजेनॉल २५४, आणि तुम्ही म्हणताय त्या गोडसर शेवटात व्हॅनिलिन असेल तर २८५. मनगट काही १७६ अंशांना तापत नाही, तिथे असतात जेमतेम ३२ ते ३४. पण दोरीवरचे कपडे वाळायला तरी शंभर अंश कुठे लागतात? ज्याचा उत्कलनबिंदू खाली, ते साधारणपणे आधी उडतं, एवढाच याचा अर्थ.

आणि एक. दालचिनी 'वाढते' असं वाटतं तेव्हा ती वाढलेली नसते, पहिल्या क्षणापासून ती तिथेच असते. मधल्या सुट्टीत दंगेखोर पोरं बाहेर पळाली की मागच्या बाकावरच्याचं गुणगुणणं ऐकू येतं, तसं आहे ते.

पेंगुळलेला
दोरीवरचे कपडे हे उदाहरण आवडलं. आमच्या सरांनी असं शिकवलं असतं तर मी रसायनशास्त्रात नापास झालो नसतो.

खवचट_काका
@पेंगुळलेला, झाला असतास. नाव बघ तुझं.

नाकतोडा
घासण्याचं मान्य, माघार घेतो. पण बाष्पशीलराव, पुढचं मी सांगतो, कारण हा माझा पंधरा वर्षांचा छंद आहे आणि घरात दुसरं कुणी ऐकून घेत नाही.

खोक्यावर छापतात तो तीन मजली त्रिकोण (वर लिंबू-संत्री, मध्ये फुलं-मसाले, तळाला लाकूड-राळ) ही मुळात शिकवायची सोय. जाँ कार्ल नावाच्या परफ्यूमकाराने फ्रान्समधल्या ग्रास गावात विद्यार्थी घडवताना ही पद्धत रुजवली. विल्यम पाउचर या इंग्रज गृहस्थाने तर द्रव्यांना उडून जाण्याच्या वेळेनुसार १ ते १०० असे आकडेच दिले होते. कामाच्या गोष्टी आहेत, पण खऱ्या परफ्यूममध्ये असे मजले नसतात. सगळं एकदमच उडत असतं, फक्त वेग वेगळा. शिवाय जड द्रव्यं हलक्यांना थोडी धरून ठेवतात. नुसतं संत्र्याचं तेल हातावर लावा आणि तेच राळेत, व्हॅनिलात कालवून लावा, दुसरं जास्त वेळ टिकेल.

परफ्यूमकारांनाही हे दुखणं ठाऊक असतंच की. मग ते संत्र्याला टेकू देतात. ग्रेपफ्रूटमध्ये नूटकाटोन म्हणून एक द्रव्य असतं, पंधरा कार्बनचं, लिमोनीनपेक्षा बरंच जड. वाळ्याच्या तेलातही ग्रेपफ्रूटची कडसर छटा सापडते. जाँ-क्लोद एलेना या परफ्यूमकाराने २००६ साली केलेल्या 'तेर द'एर्मेस' या परफ्यूममध्ये वर संत्रं नि मिरी आणि खाली वाळा आहे. संत्रं उडून गेल्यावरही नाकाला त्याच दिशेचं काहीतरी मिळत राहतं. गेलेल्या माणसाची खुर्ची गरम असते ना, तसं. त्याआधी बघायचं तर १९२५चं 'शालिमार'. झाक गेर्लेंने त्यात भरपूर बर्गमॉट आणि त्याखाली एथिल व्हॅनिलिन घातलं. बर्गमॉट जातं, पण जाता जाता व्हॅनिलाचा गोडमिट्टपणा असा काही कापून जातं की शेवटही चिकट वाटत नाही.

तेव्हा मालतीताई, तुमच्या परफ्यूममध्ये टेकू कमी असेल. संत्रं फक्त दार उघडायला ठेवलंय आणि घर मसाल्याचं आहे.

काना_मात्रा
चर्चा उत्तम. पण 'टॉप नोट', 'बेस नोट'ला मराठीत शब्द नसावा? इतका वेळ 'वरचं', 'तळाचं' चाललंय. आणि धाग्याला कुणीतरी 'अत्तरे' असा टॅग लावला आहे, तो काढावा. अत्तर म्हणजे तेलातलं, अल्कोहोलविना. हे फवारायचं प्रकरण म्हणजे अत्तर नव्हे.

खवचट_काका
तार, मध्य आणि मंद्र सप्तक. घ्या. मानधन पाठवू नका.

काना_मात्रा
काका, प्रथमच तुमच्या प्रतिसादाला मनापासून अनुमोदन देत आहे.

शंकासुर
भारी! पण मला एक कळत नाही. संत्रं 'थंड' आणि दालचिनी 'उबदार' असं का वाटतं? वासाला तापमान असतं का?

बाष्पशील
चांगली शंका, अर्धीच उत्तर देता येईल. नाकात वासाच्या चेतातंतूंशिवाय ट्रायजेमिनल म्हणून दुसरी चेता असते. झोंबणं, गारवा, उष्मा हे तिचं खातं. पुदिन्यातलं मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या ग्राहकाला (म्हणजे चेतेवरच्या रिसेप्टरला) चिथावतं, म्हणून गार वाटतं. सिनॅमाल्डिहाइड झोंबणं ओळखणाऱ्याला चिथावतं. म्हणजे दालचिनीचा 'उबदारपणा' निव्वळ कविकल्पना नाही. पण बाकी अर्धं सवयीचं, ज्याच्या सोबत जो वास आयुष्यभर आला त्याची ऊब त्याला चिकटते.

मसाल्यांतही दोन तट आहेत. दालचिनी-लवंग गरम तटावर. वेलदोडा, धणे, मिरी थंड तटावर! मिरीचं ऐकून दचकू नका. मिरी जिभेला झोंबते ती पायपरीनमुळे आणि पायपरीन उडत नाही, त्यामुळे ऊर्ध्वपातन करून काढलेल्या मिरीच्या तेलात ते येतच नाही. उरतं ते कोरडं, लाकडासारखं, आणि त्यात चक्क लिमोनीनही असतं. धण्याच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनालूल, म्हणजे बर्गमॉटचाच भाऊबंद. म्हणून संत्र्यापासून दालचिनीपर्यंत उडी न वाटता उतरण वाटावी असं हवं असेल तर मधल्या पायरीवर धणे नि मिरी ठेवतात. मालतीताईंना संत्रं 'गायब' झाल्यासारखं वाटतं याचं एक कारण हेही असेल की मधल्या पायऱ्याच नाहीत.

सुगरण_नव्हे
मिरीत लिमोनीन! आज जेवताना हे सांगणार आणि कुणीही ऐकणार नाही.

कातडीबचाऊ
(नावावरून जाऊ नका, खरंच त्वचेचाच डॉक्टर आहे.)

कोरड्या त्वचेवर परफ्यूम लवकर उडतो हे अनुभवाने बरोबर आहे. ही सुगंधी द्रव्यं तेलात विरघळणारी. त्वचेवर थोडं स्निग्ध काही असेल तर त्यात ती रेंगाळतात, नसेल तर मोकळीच. त्यामुळे आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवून वर फवारा. 'तुमच्या त्वचेचा पीएच वेगळा' असं दुकानात ऐकवतात, त्यावर फार विसंबू नका. निरोगी त्वचा थोडी आम्लधर्मीच असते, साधारण ५च्या आसपास. मला तरी ऊब, तेलकटपणा आणि घाम हे जास्त महत्त्वाचे वाटतात.

आता माझ्या धंद्याचं बोलतो. संत्रं टिकवायच्या नादात मानेवर, छातीवर दहा-दहा फवारे मारून उन्हात जाऊ नका. साल दाबून काढलेल्या बर्गमॉटच्या तेलात बर्गॅप्टेन असतं. त्यावर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि मग महिनोन्महिने तपकिरी ओघळ राहतात, अगदी थेंब जसे ओघळले असतील तसेच. या प्रकाराला बर्लोक डर्मटायटिस असं नाव आहे. हल्लीच्या परफ्यूममध्ये बहुतेक बर्गॅप्टेन काढलेलं तेल वापरतात, पण घरी तेलं आणून मिसळणारे हौशी लोक असतात त्यांच्यासाठी सांगतोय. गोड संत्र्याला हा दोष नाही.

दुसरं, जुन्या बाटल्या जपून. लिमोनीन हवेशी संयोग पावून त्याचे हायड्रोपेरॉक्साइड होतात आणि ताज्या लिमोनीनपेक्षा तेच जास्त ॲलर्जी आणतात. सिनॅमाल्डिहाइडलाही अनेकांची त्वचा उठते. खोक्यावर बारीक अक्षरात लिमोनीन, लिनालूल, युजेनॉल, सिनॅमल लिहिलेलं असतं ते शोभेसाठी नसतं. युरोपात आधी असे २६ घटक लिहावे लागत, २०२३च्या नियमाने ती यादी ८०च्या वर गेली.

पेंगुळलेला
डॉक्टर, माझ्याकडे एक बाटली खिडकीत तीन वर्षं उभी आहे. हल्ली ती उघडली की भिंत रंगवल्यासारखं वाटतं.

बाष्पशील
टर्पेंटाइनसारखा ना? तेच ते. उजेड, ऊब, हवा, तिन्ही एकाच जागी. तिला आता निरोप द्या. पुढची कपाटात ठेवा, आणि बाथरूममध्ये तर नकोच.

नाकतोडा
कपड्यावर मारायचं मात्र कुणीच बोललं नाही. कापड त्वचेपेक्षा गार असतं, तिथे संत्रं बऱ्यापैकी टिकतं. अट एकच, पांढरं कापड नको. व्हॅनिलिन आणि युजेनॉल असलेली मिश्रणं काळाने पिवळट-तपकिरी होतात. माझ्या एका सदऱ्याच्या कॉलरवर अजून नकाशा आहे.

वाचनमात्र
नाव सांगा की आता. वीस प्रतिसाद होत आले.

मधुमालती
थांबा हो. बाष्पशील, नाकतोडा, डॉक्टर, खूप आभार. रविवारी बसून नीट प्रयोग करते. कागदाची पट्टी, डावं मनगट कोरडं, उजव्या मनगटाला जेली. आणि बहिणीलाही बोलावते, तिचं मनगट चौथं.

नाकतोडा
उत्तम. पट्टी म्हणून ब्लॉटिंग पेपर किंवा जाड, बिनगुळगुळीत कागद घ्या. फवारल्यावर मिनिटभर थांबा, आधी अल्कोहोलच नाकात जातं. आणि दर पाच मिनिटांनी हुंगू नका, नाक थकतं. मध्ये कॉफीच्या बिया हुंगायचं खूळही नको. २०११मध्ये कुणीतरी तपासून पाहिलं होतं, साध्या हवेपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. बाहेर चक्कर मारून या, नाहीतर स्वतःचा कोपर हुंगा.

खवचट_काका
रविवारी दुपारी चौघी-चौघे स्वतःचा कोपर हुंगत बसलेत. शेजाऱ्यांनी काय समजायचं?

मधुमालती
आले. वही समोर आहे, तशीच उतरवते.

पहिल्या मिनिटाला चारही ठिकाणी संत्रं, फरक सांगता येईना. दहा मिनिटांनी डाव्या मनगटावर दालचिनीने डोकं वर काढलं. जेलीवाल्या उजव्यावर अजून सालीचा कडसरपणा होता, पण धार बोथट, जणू काचेआडून येतोय. पट्टीवर तर ताजं टवटवीत. पंचविसाव्या मिनिटाला डावीकडे संत्रं संपलं, उजवीकडे होतं-नव्हतंच्या सीमेवर. पट्टीवर ते पाऊण तास टिकलं! पण पट्टीवर दालचिनी कधी फुललीच नाही. सपाट, कोरडी, औषधाच्या पुडीसारखी. हे मला अपेक्षित नव्हतं. म्हणजे ज्या उबेला मी शिव्या देत होते तिच्याशिवाय मधला भाग मेलेलाच असतो. आणि काका, मंद्र सप्तक उजव्या हातावर सर्वांत सुरेख लागलं. राळ, व्हॅनिला, आणि त्याखाली काहीतरी कातडी कमावल्यासारखं, ते मला आधी कधी जाणवलंच नव्हतं.

आता कबुली. दोन तासांनी मी म्हटलं, डावीकडे संत्र्याचा मागमूस नाही. तेवढ्यात भाऊ बाहेरून आला, त्याला काही न सांगता मनगट पुढे केलं. म्हणाला, "मसाला आणि थोडं संत्रं." मी मागच्या दाराने अंगणात जाऊन दहा मिनिटं उभी राहिले, परत येऊन हुंगलं. होतं! अगदी पुसट, पण होतं. दोन तास नाकाला मनगट चिकटवून बसले होते, कशाला कळतंय. पण त्याच भावाला शेवटचा गोडसर वास अजिबात येईना. "हात धुतलास का?" म्हणे.

बाष्पशील
तळाशी कस्तुरीछाप कृत्रिम द्रव्यं असतील तर हे होतं. त्यांतल्या काहींचा वास काही लोकांना जन्मतःच येत नाही, बाकी नाक ठणठणीत असलं तरी. भावाला दोष देऊ नका.

शंकासुर
आणि बहिणीचं मनगट??? ते राहिलंच की.

मधुमालती
हो, ते मुद्दाम शेवटी ठेवलं.

तीन तास झाले, तिच्या मनगटावर संत्रं तसंच्या तसं. चार तास, तरी तसंच. मला राहवेना. जेली नाही, काही नाही, मग असं कसं? म्हणून तिचा दुसरा हात हुंगला, ज्याच्यावर परफ्यूम मारलेलाच नव्हता.

त्यालाही संत्रं.

अंघोळीनंतर लावायचं लोशन. बाटलीवर एवढं मोठं संत्रं काढलंय. वर्षभर तेच लावते म्हणे, "तू विचारलंच नाहीस."

खवचट_काका
संत्रं बहिणीकडेच होतं. पहिल्या प्रतिसादातच उत्तर दिलं होतं, पण या धाग्यावर विद्वानांपुढे आमची किंमत नाही.

कातडीबचाऊ
हसून हसून पुरेवाट! मी 'बिनवासाचं' असं मुद्दाम लिहिलं होतं बरं का.

नाकतोडा
नूटकाटोन काय, पाउचर काय, एलेना काय... मी आता काही दिवस लिहीत नाही.

बाष्पशील
नाकतोडेराव, तुमचा टेकूचा सिद्धांत लोशनवाल्यांनी तंतोतंत वापरलाय असं समजा. लोशनमध्ये नुसतं लिमोनीन घातलं असतं तर तेही कधीच उडालं असतं. जड द्रव्यांतून रचलेलं संत्रं असणार, शिवाय वर क्रीमचा थर. मालतीताई, तुम्हाला हवं ते हेच आहे: बहिणीचं लोशन, वर तुमचा परफ्यूम.

मधुमालती
करून पाहिलं. संत्रं टिकतं, पण ते लोशनचं संत्रं आहे, सरबतासारखं गोड. सोलतानाचे ते तुषार नाहीत. ते पंधरा मिनिटांचेच आहेत असं आता मनाशी धरलंय. म्हणून सकाळी निघताना न मारता जिथे पोहोचायचं तिथे पोहोचल्यावर मारते.

वाचनमात्र
ताई, नाव.

मधुमालती
हो, कबूल केलं होतं. मैत्रिणीने तिच्या संग्रहातून काढून दिलेली पाच मिलीची कुपी आहे. वर पेनाने काहीतरी लिहिलं होतं, अल्कोहोलने ते पुसलं गेलं. तिलाही आठवत नाही. आता 'र' आणि एक वेलांटी एवढंच दिसतंय. तुमच्या प्रयोगांपायी तळाला बोटभरही उरलेलं नाही, तेव्हा कुणाला ओळखता येत असेल तर लवकर सांगा.

काना_मात्रा
वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ?